काठाची वहिवाट

ओर्लिन ब्रेकेने सरकारच्या माणसाला ‘नको’ म्हटलं आणि त्या माणसाने ते खरं मानलं. सगळा घोटाळा तिथेच झाला.

मला हे कळलं ते विलो ओढ्याच्या पुलावर, सप्टेंबर महिन्यात. टेंग मुआ हा मासेमारी खात्यातला तरुण छातीपर्यंत रबरी विजार चढवून पाण्यात उभा होता आणि ट्राउट मासे मोजून परत सोडत होता. मोजणी संपली की त्याचं दुसरं काम सुरू व्हायचं. ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांना भेटून काठाची वहिवाट मागायची. जमीन शेतकऱ्याचीच राहते, गुरं तिथेच चरतात, गवतही त्याचंच. फक्त पाण्याच्या दोन्ही अंगांना थोड्या पावलांची पट्टी लोकांना खुली होते, मासे धरण्यापुरती. सरकार त्याचे एकदाच पैसे देतं. शेतकऱ्याच्या मनात असेल तर द्यायची, नसेल तर नाही. जबरदस्ती कसलीच नाही.

आमच्याकडे आयोवात ओढ्यातला मासा सगळ्यांचा, पण काठ आणि तळ ज्याचं शेत त्याचा. म्हणजे मासा आपला आणि पाय टेकायची जागा परक्याची. इतकी वर्षं याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण परके असे कुणी नव्हतेच. मग वरच्या अंगाचं हाउगेंचं शेत विकलं गेलं, आणि आठवड्याभरात कुंपणाच्या खांबांवर ‘प्रवेश बंद’च्या पाट्या आल्या. खालच्या अंगाला काठ इतका उभा आहे की माझ्या गुडघ्यांना तो झेपत नाही. राहिलं ते मधलं, ओर्लिनच्या गोठ्यामागचं वळण. माझे वडील मला तिथे घेऊन जायचे. ते गेले त्या संध्याकाळी घरात माणसं जमलेली असताना मी उठून त्या वळणावर जाऊन बसले होते. ती जागा मला हवी होती. आडपडदा न ठेवता सांगते, मला ती माझ्यासाठीच हवी होती.

आणि ओर्लिन शेत विकायला निघाला होता. बायको युनिस गेली, मुलगा डेन्व्हरला कॉम्प्युटरसमोर बसतो, गाई वसंतातच विकून झाल्या. शिकागोचा एक दंतवैद्य, प्रुइट नावाचा, शेत दोनदा बघून गेला होता. त्याला म्हणे शांतता हवी होती.

म्हणून मी पुलावरूनच टेंगला विचारलं, ओर्लिनचं काय झालं?

“विचारलं त्यांना,” तो म्हणाला. “नको म्हणाले.”

“काय म्हणाला नेमकं?”

“म्हणाले, राहू दे, उगीच तुम्हाला कशाला व्याप.”

“मग तू काय केलंस?”

“आभार मानले आणि निघालो.”

मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर शाळेची बस चालवली असल्यामुळे माझा आवाज मुळातच चढा आहे, तो आणखी चढला. मी विचारलं, त्याने कॉफी तरी विचारली होती का? टेंग म्हणाला, विचारली होती, तीनदा विचारली, पण कामावर असताना कुणाकडे काही घ्यायचं नाही असं तो ठरवून होता, म्हणून प्रत्येक वेळी नाही म्हणाला.

आता याला काय म्हणायचं? आमच्या खोऱ्यात नॉर्वेहून आलेल्यांचीच घरं. इथे कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा, अगदीच आग्रह असेल तर बघू. आणि तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं, तेही दुसऱ्याचं मन मोडवत नाही म्हणून. पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस हावरट. पहिल्या नकारावर उठून जाणारा माणूस त्याहून वाईट, कारण त्याला द्यायचंच नव्हतं. टेंगने एका भेटीत दोन्हीकडून रीत मोडली होती. ओर्लिनचा एक नकार खरा मानला आणि स्वतःचे तीन नकार खरेच करून दाखवले.

मी त्याला म्हटलं, उद्याच्या उद्या परत जा. तो मान हलवत राहिला. मालकाने एकदा नाही म्हटलं की परत त्याचं दार वाजवायचं नाही, असा त्यांच्याकडे नियम होता. मालकाने आपणहून बोलावलं तरच जायचं. कुणाच्या मागे लागलं की सगळं खोरं दारं लावून घेतं, आणि मग राजीखुशीला काही अर्थ उरत नाही. नियम चांगला आहे. दुसऱ्या कुठल्याही तालुक्यात मी त्याची बाजू घेतली असती.

“तो हो म्हणतोय, मी सांगते ना,” मी म्हटलं.

“ते त्यांच्या तोंडून यायला हवं,” टेंग म्हणाला. बोलायला मऊ, पण हलायचं नाव नाही.

मग मी खजुराच्या वड्या केल्या आणि ओर्लिनकडे गेले. माझ्या नवऱ्याने निघताना सांगितलं की दुसऱ्याच्या शेतात नाक खुपसू नकोस. मी त्याच्यासाठी वड्या ठेवल्या नाहीत.

ओर्लिनचं स्वयंपाकघर अर्धं खोक्यांत गेलं होतं. त्याने कॉफी ठेवली, मी नको नको म्हणून शेवटी घेतली, त्यानेही वडीचं तसंच केलं. रीत झाल्यावर मी मुद्द्यावर आले.

“आला होता एक मुलगा,” ओर्लिन म्हणाला. “बसला पण नाही. फार काही हवं होतं असं दिसलं नाही.”

मी म्हटलं, हवं होतं रे बाबा, फार हवं होतं, त्याला आपली रीत कळली नाही एवढंच. तू फोन कर.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला चर्चमध्ये थाळी फिरवून स्वतःसाठी वर्गणी गोळा करायला सांगत होते. “त्यात पैसे असतात, आर्डिस,” तो म्हणाला. “आधी नको म्हणायचं, मग आपणच फोन करून मागायचे? लोक काय म्हणतील? ब्रेकेचा जीव पैशात अडकला म्हणतील.”

“मग पैसे घेऊ नकोस.”

“तेही बरं नाही दिसत. फुकट दिलं की मोठेपणा मिरवल्यासारखं होतं.”

तिथे माझी मती गुंग झाली. हा माणूस हो म्हणायला तयार, तो मुलगा हो ऐकायला तयार, आणि दोघांच्या मध्ये सभ्यपणाची अशी भिंत की तिला दार नाही. वर दंतवैद्य चर्चमधल्या लुटफिस्कच्या जेवणानंतरच्या सोमवारी कागद करायला येणार होता. शेत त्याच्या नावावर गेलं की ओर्लिनला देण्यासारखं काही उरणार नव्हतं. घरी येताना गाडीत मी मोठमोठ्याने बोलत होते, एकटीच.

लुटफिस्कचं जेवण दर ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात असतं. वाळवलेला कॉड मासा सोड्याच्या पाण्यात दिवसेंदिवस भिजवतात, मग तो उकडतात, आणि थरथरणाऱ्या गोळ्यावर वितळलेलं लोणी ओततात. वास रस्त्यापर्यंत येतो. आम्ही त्याला नावं ठेवतो आणि वर्षभर वाट बघतो. ओर्लिन तिथे कॉफी वाढतो. त्याचे वडील वाढायचे, त्यांच्यानंतर तो.

मी टेंगचं तिकीट काढलं आणि त्याला फोन केला. तो म्हणाला, ओर्लिन असतील तर मी येऊ नये, मागे लागल्यासारखं दिसेल. मी म्हटलं, तुझ्या खात्याने मासे खायलाही बंदी घातली आहे का?

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी त्याला माझ्याशेजारी बसवलं. लाव्होन, जी आमच्या चर्चचं स्वयंपाकघर लष्करासारखं चालवते, मासे घेऊन आली. टेंगने पहिला घास घेतला, गिळला, आणि विचारात पडला. पण ताट संपवलं, ते मला आवडलं. लाव्होन परत आली.

“नको, पोट भरलं, खरंच,” टेंग म्हणाला.

लाव्होनने मोठा चमचाभर वाढलं. त्याने तेही संपवलं. ती पुन्हा आली. तो दोन्ही हातांनी ताट झाकून नको म्हणाला, तर तिने त्याच्या बोटांच्या फटीतून बटाटे वाढले आणि “लाजतोय बिचारा” असं मला सांगून पुढे गेली.

टेंग ताटाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

“माझ्या आजीकडे असंच असतं,” तो म्हणाला. सेंट पॉलला त्याची आजी आहे, लाओसच्या डोंगरातून आलेली. “आमच्या हमोंग घरांत पहिलं नको म्हणजे नको नसतंच. पण मला वाटलं, तुम्ही लोक सरळ बोलता.”

मला हसू आवरेना. आमच्याबद्दल इतका चांगला गैरसमज आजवर कुणी करून घेतला नव्हता. मी म्हटलं, “आम्ही? पोरा, आम्ही मरतानासुद्धा डॉक्टरला सांगतो, राहू दे, उगीच तुम्हाला त्रास.”

तेवढ्यात ओर्लिन कॉफीचं मोठं भांडं घेऊन आमच्या टेबलाशी आला. टेंगला पाहून त्याची मान आखडली. पण भांडं हातात असताना कुणाला टाळणं त्याच्या रक्तात नाही.

“कॉफी?” त्याने विचारलं.

“नको, तुम्ही कशाला,” टेंग म्हणाला.

“ताजी आहे.”

“तुम्हाला उगीच त्रास.”

“भांडं हातातच आहे की,” ओर्लिन म्हणाला.

टेंगने हळूच कप पुढे सरकवला. “बरं. अर्धाच.”

ओर्लिनने काठोकाठ भरला. त्याच्या मानेतला ताठपणा माझ्या डोळ्यांदेखत उतरला. त्याने पुढच्या टेबलाकडे जायला हवं होतं, पण तो तिथेच उभा राहिला. टेंगने कॉफी प्यायली. मी टेबलाखाली स्वतःच्याच पायावर पाय देऊन बसले होते, कारण मी तोंड उघडलं असतं तर सगळं मातीत गेलं असतं, आणि मला माझं तोंड ठाऊक आहे.

शेवटी टेंग म्हणाला, “मिस्टर ब्रेके, मला तुम्हाला काही विचारता येत नाही.”

“असं का बरं?”

“तुम्ही एकदा नको म्हणालात. आमच्यात परत विचारत नाहीत.”

ओर्लिनने यावर बराच विचार केला. मग भांडं टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि बसला. तळघरातल्या निम्म्या माणसांनी माना वळवल्या. कॉफी वाढताना ब्रेके घराण्यातला माणूस बसलेला कुणी पाहिला नव्हता.

“समजा,” तो कपाकडे बघत म्हणाला, “एखादा माणूस असेल. त्याने वहिवाट दिली. तर त्या पट्टीत गुरं चरतात का?”

“चरतात,” टेंग म्हणाला.

“आणि कुंपण?”

“कुंपण राहतं. वरून चढायला लाकडी शिडी आम्ही बांधतो.”

“त्या माणसाने मग शेत विकलं तर?”

“वहिवाट जमिनीबरोबर जाते. मालक कुणीही होऊ दे, लोकांचा हक्क तसाच राहतो. कायमचा.”

“कुणीही यायचं?”

“कुणीही. गळ घेऊन.”

ओर्लिन कशाचा विचार करत होता ते मला कळत होतं. दंतवैद्याला शांतता हवी होती. त्याने हात आखडता घेतला तर दुसरं गिऱ्हाईक हिवाळ्याआधी मिळणार नव्हतं, आणि ओर्लिनच्या पाठीला एकट्याने आणखी एक हिवाळा झेपणार नव्हता. मी इतके दिवस त्याच्या मागे लागले होते, त्यात हे त्याला कितीला पडेल याचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. त्या क्षणी मला वाटलं, त्याने आता खरोखरचं नको म्हणावं.

“युनिसला गाड्या पुलाशी लागलेल्या आवडायच्या,” ओर्लिन म्हणाला. “म्हणायची, कोणीतरी आलंय.” मग त्याने टेंगकडे सरळ पाहिलं. “त्या माणसाने कुठे सही करायची?”

सोमवारच्या आत सगळं झालं. दंतवैद्याने फोनवर पुष्कळ आदळआपट केली, भाव पाडला, आणि शेवटी शेत घेतलंच. ओर्लिन त्याबद्दल कधी बोलला नाही. मी एकदा विषय काढायला गेले तर त्याने मला हवामान सांगितलं.

हिवाळ्यात तो गावात राहायला आला, पाण्याच्या टाकीजवळ, दुसऱ्या मजल्यावर. घर उबदार, जिना रुंद, खाली किराणा. आणि ओर्लिन दिवसेंदिवस आटत चालला. पहाटे दुधाच्या वेळेला उठायचा आणि मग काय करायचं ते सुचेना म्हणून खिडकीशी बसायचा. मी जायचे तेव्हा कॉफी द्यायचा, पण नको म्हटलं तर आग्रह करायला विसरायचा. मला भीती वाटायला लागली. शेताकडे एक चक्कर मारून येऊ, असं मी कितीदा म्हटलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर. ते आता दुसऱ्याचं आहे, आर्डिस. विकलेल्या जमिनीत पाऊल टाकायचं नसतं.

बर्फ वितळलं, काठावरची विलोची झाडं पिवळी पडून मग हिरवी झाली. टेंगच्या माणसांनी पुलाशी शिडी बांधली, पाटी लावली. पहिल्याच शनिवारी तिथे तीन वेगवेगळ्या गावांच्या गाड्या होत्या. मी माझ्या वळणावर जाऊन बसले, दोन चांगले ट्राउट धरले, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. रिकामा गोठा समोर दिसत होता.

सोमवारी मी ओर्लिनला किराणा आणायला म्हणून गाडीत घातलं आणि सरळ पुलावर आणलं. तो खाली उतरला. कुंपणापर्यंत आला आणि थांबला. ते कुंपण त्याने स्वतः ताणलेलं होतं. त्याने तारेला हात लावला आणि लगेच काढून घेतला, दुसऱ्याची वस्तू असल्यासारखा.

“चल,” मी म्हटलं.

“मला नाही जाता येत. विकलंय मी ते.”

“शिडी कशासाठी आहे मग?”

“ती लोकांसाठी आहे.”

“आणि तू कोण आहेस, ओर्लिन?”

त्याने पाटीकडे पाहिलं, मग गोठ्याकडे, मग परत पाटीकडे. पाटीवर लिहिलं होतं की मासे धरायला येणाऱ्या सर्वांना हा काठ खुला आहे. तो ती ओठ हलवत वाचत होता. सही करताना त्याने कागद नीट वाचला होता, पण ‘सर्वांना’ म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे बाकीचं जग होतं. स्वतःला त्याने त्यात कधी धरलंच नव्हतं.

“मला मासे धरता येत नाहीत,” तो म्हणाला. ते खरं होतं. सकाळ-संध्याकाळ गाईंची धार काढणाऱ्या माणसाला ओढ्याकाठी बसायला वेळ कुठला? सगळा जन्म ते पाणी त्याने ट्रॅक्टरवरूनच पाहिलेलं.

“नुसतं फिरायला परवानगी नाही,” मी म्हटलं. “हातात गळ हवा.” आणि गाडीच्या मागून माझी गळाची जुनी काठी काढून त्याच्या हातात दिली.

शिडी चढायला त्याला वेळ लागला. पलीकडे उतरल्यावर तो दोन्ही पाय रोवून उभा राहिला, आणि मग चालायला लागला. खड्डे कुठे आहेत, ओल कुठे आहे, ते त्याच्या पायांना पाठ होतं. मी मागे पडले. वळणावर पोचलो तेव्हा चढावरून प्रुइट दंतवैद्य त्याच्या छोट्या मोटारगाडीतून खाली आला. अनोळखी गाडी दिसली की तो येऊन बघतो. ओर्लिनला ओळखून तो जरा गोंधळला.

“मिस्टर ब्रेके? काही राहिलं होतं का इथे?”

मला वाटलं, आता ओर्लिन टोपी काढेल, माफी मागेल आणि परत फिरेल. त्याचा हात टोपीकडे गेलाही. मग तो हात खाली आला.

“नाही, काही राहिलं नाही,” ओर्लिन म्हणाला. “मासे धरायला आलोय.”

दंतवैद्याने ओढ्यातल्या एका फांदीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला की सकाळी त्या पडलेल्या फांदीखाली एक मोठा मासा उडी मारताना त्याने पाहिला होता, आणि गाडी वळवून निघून गेला.

मी गळाला गांडूळ लावून दिलं. ओर्लिनने काठी फिरवली आणि गळ मागच्या विलोत अडकवला. मी सोडवला. त्याने परत अडकवला. मी शिव्या घातल्या. चौथ्यापाचव्या वेळी गळ पाण्यात पडला, फांदीपासून बराच लांब, आणि ओर्लिन काठावर टाचा रोवून उभा राहिला. ओढा त्याच्या पायांशी वाहत होता आणि तो खाली वाकून तळातले खडे बघत होता, जसं काही कुणीतरी आत्ताच ते तिथे आणून टाकले होते.

“इतका स्वच्छ आहे हा?” त्याने विचारलं.

“कायमच होता,” मी म्हटलं.

त्या दिवशी त्याला एकही मासा मिळाला नाही. ऊन कलल्यावर मी म्हटलं, चल, किराणा राहिलाय. तो म्हणाला, तू जा, मी थोडा वेळ आहे.